बोल्टनं ओढू नकोस

सकाळी नऊ चाळीसला हॉर्न वाजायचा. नऊ अडतीसला नाही, एकेचाळीसला नाही. हुबळीच्या देशपांडे नगरातल्या त्या गल्लीतले लोक त्या हॉर्नवर घड्याळं लावायचे आणि हेमावती वकील त्या हॉर्नवर दातओठ खायची. एकाच घरात मागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या सख्ख्या धाकट्या भावाला दहा पावलं चालत येऊन "अक्का, चल" म्हणता येत नव्हतं का? येत होतं. पण श्रीवत्स गाडीत बसून हॉर्नच द्यायचा, लॉरीवाला गोडाऊनसमोर देतो तसा. मग हेमावती काठी टेकत बाहेर यायची, फियाटचं मागचं दार उघडायची आणि डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आधी आत ठेवायची. तो पाय गुडघ्यात वाकत नव्हता आणि पोटरीच्या खाली त्याला काही कळतही नव्हतं.

सहा वर्षांपूर्वीपर्यंत हीच फियाट ती स्वतः चालवायची. काळा कोट मागच्या सीटवर टाकून, खिडकीवर कोपर टेकून, पुढच्या टांगेवाल्याला कानडीत शिव्या देत ती कोर्टात यायची. लग्न केलं नव्हतं. सवड झाली नाही, असं सांगायची. पंच्याण्णव साली बेळगावच्या रस्त्यावर, कित्तूरच्या अलीकडे, उसाच्या ट्रॉलीखाली फियाटची डावी बाजू घुसली. त्या दिवशी श्रीवत्स चालवत होता आणि ती शेजारी बसली होती. त्याचा डोळा लागला, असं पोलिसांच्या कागदात लिहिलं गेलं. सगळे तसंच म्हणत. हेमावतीही तसंच म्हणायची.

श्रीवत्सनं गुन्हा कबूल केला, दंड भरला. तो हुबळीच्याच लॅमिंग्टन रोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. अपघातानंतर पालकांनी सांगितलं, हे सर सहलीबरोबर नकोत. मग मुलं फळ्यावर घोरणाऱ्या माणसाचं चित्र काढायला लागली. वर्षभरात त्यानं नोकरी सोडली आणि बहिणीचा ड्रायव्हर झाला. बायको आधीच वारली होती, मूल नव्हतं, त्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं. नातेवाईक म्हणाले, काय भाऊ आहे! केलेलं निस्तरतोय बिचारा. हे ऐकलं की हेमावतीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कारण गाडी तिला हवी तेव्हा निघत नव्हती, त्याला हवी तेव्हा निघायची. "पाचला निघायचं. नसेल जमत तर बघ तुझं." तिचं काय बघायचं? रिक्षात बसलं तर पाय बाहेर राहायचा. दोन ड्रायव्हर ठेवून झाले. पहिल्याला श्रीवत्सनं पंधरा दिवसांत हाकललं, दुसरा त्याची शेजारी बसून चाललेली कटकट ऐकून आपणच पळाला. ती पक्षकाराकडे गेली की हा बाहेर बसायचा, आणि परत येताना त्या पक्षकाराबद्दल आपलं मत सांगायचा. मैत्रिणीकडे जाऊन तासभर मोकळेपणी रडावं म्हटलं, तरी बाहेर हा इंजिन चालू ठेवून बसलेला. सत्तावन्न वर्षांच्या बाईला सगळ्या जगात एकटं जाता येईल अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे न्हाणीघर. तिला परत स्वतःची गाडी स्वतः चालवायची होती. दुसरं काही नको होतं.

क्लच दाबायला डावा पाय लागतो. ज्या गाडीला क्लच नाही ती तिला चालवता येणार होती. अशी नवी गाडी तेव्हा हुबळीत सहजासहजी मिळत नव्हती, आणि मिळाली तरी परवडणारी नव्हती. पण एका जिनिंग मिलवाल्याच्या बंगल्यामागं बासष्ट सालची एक शेव्हरोले उभी असल्याचं तिला कळलं. मालक वारले होते, पोरं वाटणीसाठी भांडत होती, आणि वाटणीचा दावा हेमावतीकडंच होता. गाडी कोणालाच नको होती. चिंचेच्या पाल्यानं भरलेली, आत घुशींनी घर केलेलं, पण क्लच नाही! फक्त दोनच पेडल. हेमावती काठीवर वाकून त्या दोन पेडलांकडं बराच वेळ बघत राहिली.

"बँडवाल्याला दे ही," श्रीवत्स म्हणाला. "नवरामुलगा बसवून मिरवायला बरी आहे."

"तुला कोणी विचारलं?"

"लांबी बघितलीस? आपल्या गल्लीत वळायची नाही."

"गल्ली मी बघते. तू हॉर्न वाजवायचं काम कर."

गाडी क्रेनला लटकत गोकुळ रोडच्या मागं कृष्णाच्या गॅरेजमध्ये गेली. कृष्णा अळणावरजवळच्या खेड्यातला. जंगलातून लाकूड आणणाऱ्या लॉऱ्यांखाली झोपून तो हे काम शिकला होता आणि आता चाळिशीत त्याचं स्वतःचं पत्र्याचं शेड होतं. गावच्या जमिनीचा दावा हेमावतीनं त्याला जिंकून दिला होता. त्यामुळे अक्कानं सांगितलं म्हणजे झालं, असा त्याचा हिशोब होता. गाडी बघून त्यानं कपाळाला हात लावला, पण नाही म्हटलं नाही.

इंजिन निघालं, धुतलं, बसलं. पत्रा झाला, वायरिंग झालं. अडलं ते गिअरबॉक्सपाशी. जुन्या बॉक्सला दोनच गिअर, तेही आतून झिजलेले. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी इतकी विचार करायची की मागचा माणूस उतरून चहा पिऊन येईल. शहराबाहेरच्या नवलूरच्या चढावर तर ती रडलीच असती. अमेरिकेत असलेला चुलतभावाचा मुलगा श्रीहर्ष फोनवर म्हणाला, "आत्या, इथं तो दोनचा बॉक्स कोणी ठेवत नाही. तीन गिअरचा बसवतात, त्याच कंपनीचा. थोडाच बदल करावा लागतो. बोटीनं पाठवतो." हेमावतीनं पैशाचा विचारही केला नाही. तीन म्हणजे तीन.

बॉक्स मुंबईला येऊन पडला आणि त्याचं पत्र हुबळीला आलं. ते तिला तीन आठवड्यांनी मिळालं, श्रीवत्सच्या टेबलाच्या खणात, विजेच्या बिलांखाली.

"हे काय आहे?" ती पत्र त्याच्या नाकासमोर नाचवत म्हणाली.

"राहिलं द्यायचं."

"राहिलं? माझं पत्र तुझ्या खणात चालत गेलं काय?"

श्रीवत्सनं चष्मा पुसला. "ती गाडी घेऊन तू मरशील, अक्का. एक पाय गेलाय. दुसरा तरी असू दे की."

"एक कोणी घालवला?"

त्यानं चष्मा चढवला आणि खणातली विजेची बिलं सारखी केली. हे तिचं हुकमी वाक्य होतं. वापरलं की समोरची बाजू आडवी. पण त्या दिवसापासून तिची खात्रीच झाली, की हा गाडी होऊ देणार नाही. ह्याचं सगळं पुण्य तिच्या लंगडेपणावर उभं होतं. ती चालवायला लागली तर हा करणार काय?

बॉक्स अखेर आला, तोपर्यंत नवरात्र बसलं होतं. श्रीहर्षनं बरोबर इंग्रजी पुस्तक पाठवलं होतं, जाडजूड, चित्रांचं. कृष्णाला इंग्रजी येत नव्हतं आणि हेमावतीला वाचायला सवड नव्हती. पुस्तक श्रीवत्सनं उचलून मागच्या खोलीत नेलं. "आता हे पण खणात घाल," ती म्हणाली. त्यानं दार लावून घेतलं.

तिनं मनाशी ठरवलं होतं, दसऱ्याला गाडी स्वतः चालवत बाहेर काढायची. कृष्णाच्या गॅरेजमध्ये खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन, कुंकू लावून पाटावर मांडायची पद्धत. एकदा पाने-हातोडे पूजेला बसले, की दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. कोणाची गाडी रस्त्यात पेटली तरी नाही. म्हणजे बॉक्स बसायचा तो अष्टमीच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत. त्यानंतर कृष्णाही गावाला जाणार होता, त्याची म्हातारी सोनाबाई वाट बघत होती.

अष्टमीला दुपारी तीनलाच हेमावती गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसली. एरवी श्रीवत्स तिला तिथं सोडून निघून जायचा, तो त्या दिवशी गेला नाही. हातात ते पुस्तक घेऊन शेडच्या खांबाला टेकून उभा राहिला. कृष्णा गाडीखाली पाठीवर झोपला होता. बॉक्स जॅकवर चढवलेला. बॉक्सच्या तोंडात कन्व्हर्टर बसतो, पोलादी, गोल, भोपळ्याएवढा. क्लचचं काम तोच तेलाच्या जोरावर करतो. इंजिन आणि बॉक्स समोरासमोर आले, जवळ आले आणि बोटभर फट ठेवून थांबले.

"येईना, अक्का," खालून कृष्णाचा आवाज आला. "जरा अंतर राहिलंय."

"मग?"

"लॉरीचा असता तर बोल्ट लावून ओढून घेतला असता. चारी बाजूंनी थोडं थोडं घट्ट करत गेलं की येतोय जागेवर."

"बोल्टनं ओढू नकोस," श्रीवत्स म्हणाला.

हेमावतीनं मान वळवली.

"कन्व्हर्टर नीट बसलेला नाही," तो पुस्तकात बघत म्हणाला. "तो आत तीन टप्प्यांत बसतो. तीनदा टक्क वाजलं पाहिजे. तुझं दोनदाच वाजलंय, मी मोजलंय. तसाच ओढलास तर आतला पंप फुटेल. बॉक्स परत खाली घे, कन्व्हर्टर हातानं फिरवत आत ढकल, आणि मग लाव. हातानं बसला पाहिजे."

"खाली घ्यायचा म्हणजे किती वेळ?" हेमावतीनं विचारलं.

"दोन तास तरी जातील री," कृष्णा म्हणाला. "मग आज व्हायचं नाही. दसऱ्यानंतर बघू."

दसऱ्यानंतर! तिला सगळं लख्ख दिसलं. तीन आठवडे पत्र खणात, आता दोन तास पुस्तकात. बाहेर ऊन उतरत होतं आणि हा माणूस मास्तरकी करत खांबाला टेकून उभा होता.

"किती वर्षं बॉक्स बसवतोयस रे तू, कृष्णा?" तिनं विचारलं.

"वीस झाली असतील."

"आणि हे किती वर्षं बसवतायत?"

कृष्णा गाडीखालून बाहेर आला. त्याचं तोंड ग्रीसनं माखलेलं होतं. तो एकदा अक्काकडं बघायचा, एकदा सरांकडं. "सर पुस्तकातलं सांगायलेत, अक्का."

"पुस्तकातलं सांगून सांगूनच तर त्यांची नोकरी गेली. तू माझं ऐकणार आहेस की ह्या झोपाळूचं?"

शेडमध्ये दोन गिऱ्हाइकं चहा पीत उभी होती. त्यातला एक हसला. श्रीवत्सचा आवाज चढला नाही. "अक्का, मी तुझ्या चांगल्यासाठी सांगायलोय. एवढं एक ऐक. पाहिजे तर मी इथून जातो, पण त्याला ओढू देऊ नकोस."

"मग जा."

तो पुस्तक खुर्चीपाशी ठेवून गेला. हेमावतीनं काठी जमिनीवर आपटली. "ओढ रे. घट्ट कर. सगळं माझ्यावर."

कृष्णानं बोल्ट लावले. पाना फिरत गेला, फट मिटत गेली. शेवटी आतून खण् असा एक बारीक आवाज आला. कृष्णाचा हात थांबला. "बसला वाटतं," हेमावती म्हणाली. कृष्णा उरलेले बोल्ट आवळत राहिला. दिवेलागणीच्या आत लाल तेल भरून झालं आणि कृष्णानं हात धुतले.

दसऱ्याला सकाळी गाडीला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. कृष्णा गावाहून मुद्दाम आला होता. पूजा उतरली. आजूबाजूची दुकानं, गिऱ्हाइकं, समोरच्या गिरणीतल्या बाया, सगळे बघायला जमले. श्रीवत्स फियाटजवळ लांब उभा होता. हेमावती पाय आत घेऊन चाकामागं बसली. सहा वर्षांनी! तिला लहान पोरीसारखं हसू फुटलं. तिनं किल्ली फिरवली. इंजिन लागलं, गुरगुरलं, मग त्या गुरगुरण्यात खालून एक खरखर मिसळली, दगडावर लोखंड घासल्यासारखी. तिनं गिअरचा दांडा ओढला आणि उजव्या पायानं पेडल दाबलं. इंजिन ओरडलं. गाडी एक इंचही हलली नाही. "अक्का, बंद करा!" कृष्णा धावला. गाडीखालून लाल तेल वाहत येऊन लिंबांपर्यंत पोचलं होतं.

कोणीतरी हळहळलं, कोणीतरी हसलं. हेमावतीनं दार उघडलं, काठी न घेताच दाराला धरून उभी राहिली आणि लांबवर बोट दाखवून ओरडली.

"ह्यानं केलं! काल पूजा मांडल्यापासून शेड बंद होतं. ह्याच्याशिवाय कोणाला पाहिजे होतं हे? पत्र लपवणारा माणूस काय करणार नाही? माझा पाय खाल्लास, आता गाडी खाल्लीस!"

सगळी माणसं श्रीवत्सकडं बघायला लागली. तो चालत आला, तेलात बोट बुडवून बघितलं, बोट रुमालाला पुसलं आणि परत जाऊन फियाटमध्ये बसला.

कृष्णानं तासाभरात बॉक्स उतरवला. कन्व्हर्टर बाहेर ओढला तसे त्याच्यामागून पोलादाचे तुकडे तेलाबरोबर सांडले. पंपाच्या आतलं चाक दोन ठिकाणी तुटलेलं होतं. तो ते तुकडे हातात घेऊन तिच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला.

"सरांनी हात लावलेला नाही, अक्का. हे परवाच तुटलंय. आवाज आला तेव्हाच."

"तुला कळलं होतं?"

"शंका आली होती."

"मग गप्प का बसलास? सर नको म्हणत होते ना? मग कशाला ओढलंस?"

कृष्णानं वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, उलट तिचं त्याला नवल वाटत होतं. "तुम्ही ओढ म्हणालात म्हणून," तो म्हणाला.

हेमावतीला ते वाक्य पंपाचं वाटलंच नाही, कित्तूरच्या रस्त्यावरचं वाटलं.

बेळगावच्या कोर्टात अकराची तारीख होती. कागद वाचायचे होते म्हणून तिनं श्रीवत्सला चालवायला बसवलं होतं. पुढं उसाची ट्रॉली, रस्ता अरुंद. "घाल पुढं," ती म्हणाली होती. समोरून काहीतरी येतंय, थांबू जरा, असं तो म्हणाला. "काही येत नाहीये. घाल म्हणते ना! मेल्यासारखी काय चालवतोस? सगळं माझ्यावर." त्यानं घातली. समोरून बस आली. त्यानं चाक डावीकडं मारलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पोलिसानं विचारलं, कसं झालं, आणि ती म्हणाली, "त्याचा डोळा लागला असेल." असेल, म्हणाली होती. कागदावर तो 'असेल' गळला. श्रीवत्सनं कॉटच्या पलीकडून तिच्या पायाच्या जागी बांधलेल्या पांढऱ्या गाठोड्याकडं बघितलं आणि सही केली. हे ती विसरलेली नव्हती. तिनं ते नीट घडी घालून ठेवलं होतं, आणि सहा वर्षं त्याच्यावर बसून होती.

घरी परतताना देशपांडे नगरात वळल्यावर ती मागच्या सीटवरून म्हणाली, "सगळ्यांसमोर बोलले मी. तू तोंड का उघडलं नाहीस?"

"तुझ्यासमोर तोंड उघडून काय झालंय कधी?" श्रीवत्स म्हणाला. त्यानं फाटकाशी गाडी लावली आणि तिच्यासाठी दार उघडायला तो उतरला नाही.

आता माफी मागायला पाहिजे होती. दिवाळी आली, गेली. रोज सकाळी हॉर्न वाजायचा आणि हेमावती ठरवायची, आज बोलू. पण बोललं तर तो उद्यापासून येणार नाही, ही भीती होती. कोर्टात जायचं कसं? पंप अमेरिकेतून यायचा होता. तो आला की बोलू, गाडी झाली की बोलू. मनाला तिनं असंच तारखांवर तारखा देत झुलवलं, जसं समोरच्या पक्षाला झुलवतात. घरात दोघांचं बोलणं आणखी तुटलं. तो पाचला निघायचा तो आता पावणेपाचला निघायला लागला आणि ती निमूट पावणेपाचला तयार व्हायला लागली.

पंप माघात आला, श्रीहर्षच्या एका मित्राच्या बॅगेतून. ह्या वेळी कृष्णानं पुस्तकाची चित्रं समोर उघडून ठेवली आणि कन्व्हर्टर हातानं फिरवत आत ढकलला. टक्क. टक्क. तिसरं टक्क यायला अर्धा तास लागला. हेमावती खुर्चीवर ओठ मिटून बसली होती. कृष्णा मधून मधून सवयीनं तिच्याकडं बघायचा आणि ती दुसरीकडं बघायची. बॉक्स इंजिनाला हातानं जाऊन भिडला. मग त्यानं बोल्ट आवळले.

गाडी चालली. आरटीओनं तिला दोन फेऱ्या मारायला लावल्या, पाय बघितला, पेडल बघितली आणि सही केली. महिनाभर ती गोकुळ रोडवर पहाटे सराव करायची, कृष्णाला शेजारी बसवून.

चैत्रात शेजारच्या शहरात, मळमड्डीला, वेणूमावशीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मावशी ऐंशी पार झाली होती आणि दोन्हीकडचं सगळं गोत जमणार होतं. त्या सकाळी नऊ चाळीसला हॉर्न वाजला नाही. आदल्या दिवशीच हेमावतीनं सांगितलं होतं, "मी माझी येते." श्रीवत्स फियाट काढून आधीच गेला होता.

ती एकटी निघाली. उणकलचं तळं मागं गेलं, मागून एसटी हॉर्न देत होती, देऊ दे! नवलूरच्या चढाला तिनं पाय थोडा दाबला, गाडीनं एक गिअर खाली घेतला, चढ संपला आणि आपण होऊन ती तिसऱ्यात गेली, अलगद, जेवण झाल्यावर माणूस पाट सरकवून उठतो तशी. इंजिनाचा आवाज खाली बसला. काच उघडी होती, केस तोंडावर येत होते. हेमावती मोठ्यानं गायला लागली, आणि तिला गाता येत नव्हतं. कोणी ऐकत नव्हतं, कोणी मत देत नव्हतं. आयुष्यात इतका आनंद तिला फार थोड्या वेळा झाला होता.

मळमड्डीच्या गल्लीत गाडी शिरली तसे सगळे रस्त्यावर आले. पोरांनी बॉनेटला हात लावले. बायकांनी तिला हाताला धरून आत नेलं. पाटावर बसलेली वेणूमावशी, गळ्यात हार, बोळक्या तोंडानं हसत म्हणाली, "आलीस ग माझी वाघीण! स्वतः आलीस! बरं झालं. सुटलीस एकदाची त्या कुंभकर्णाच्या हातून."

सगळे हसले. हे ठरलेलं हसू होतं. प्रत्येक मुंजीत, प्रत्येक बारशात एकदा होऊन जायचं. श्रीवत्स पुरुषांच्या पंगतीत पाणी वाढत होता. तो तांब्या वाकडा करून वाढतच राहिला, मान वर न करता.

आणि हेमावतीला वाटलं, आत्ता. आता काही अडत नाही.

"मावशी, तो झोपला नव्हता," ती म्हणाली.

कोर्टातला आवाज होता, मागच्या पडवीपर्यंत पोचला. पंगतीतले हात थांबले.

"मी त्याला गाडी पुढं घालायला लावली. तो नको म्हणत होता. मी ओरडले म्हणून त्यानं घातली. डोळा लागला, हे मी खोटं सांगितलं. पाय माझ्यामुळं गेला आणि नाव त्याचं झालं."

वेणूमावशीचं हसू तोंडावरच राहिलं. हेमावतीला हलकं वाटलं, सहा वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. आपण मोठं काही केलं, असंही वाटलं, खोटं कशाला बोला. तिनं श्रीवत्सकडं बघितलं. तो आता जवळ येईल, निदान डोळे तरी भरतील, असं तिला वाटलं होतं.

श्रीवत्सनं तांब्या खाली ठेवला. तो पंगतीतून वाट काढत तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"दसऱ्याला का नाही बोललीस?" त्यानं विचारलं. "गॅरेजमध्ये कृष्णानं सांगितलं तेव्हा? नंतर सहा महिने मी तुला कोर्टात नेत होतो. रोज नेत होतो. तेव्हा का नाही?"

"श्रीवत्स, मी..."

"मी सांगतो. तेव्हा मी सोडून गेलो असतो, तर तू घरात पडली असतीस. म्हणून मला झोपलेलाच ठेवलंस. आज गाडी चालायला लागली, माझी गरज संपली, तसा मी लगेच जागा झालो."

तीस वर्षांत समोरच्याच्या हाती शेवटचा शब्द हेमावतीनं कधी जाऊ दिला नव्हता. पण तो म्हणत होता ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

"मी पत्र लपवलं, ते वाईट केलं," श्रीवत्स म्हणाला. "तू काय केलंस ते आता सगळ्यांनी ऐकलं. आणखी काही नको मला."

तो वळला, परत पंगतीत गेला आणि तांब्या उचलून जिथं थांबला होता त्याच्या पुढच्या पानापासून पाणी वाढायला लागला. ज्याच्या पानापाशी तो जायचा, तो माणूस मान खाली घालायचा. हेमावती भिंतीला धरून उभी होती. तिच्या पायाला जमिनीवर बसता येत नव्हतं, खुर्ची आणायचं कोणाला सुचलं नाही, आणि आणा म्हणायची तिला हिंमत झाली नाही.